भाजणी बिघडली की पट्टी बिघडते

सिडनीहून समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला ऐंशी-एक किलोमीटर गेलं की वुलनगाँग लागतं आणि त्याला खेटूनच पोर्ट केंबला. एका अंगाला इलावारा डोंगराचा उभा हिरवा कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या सपाटीवर बंदर, पोलादाचा कारखाना, कोळशाची ने-आण. इथल्या तांब्याच्या भट्टीचं १९८ मीटर उंचीचं धुराडं फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरुंग लावून पाडलं, तेव्हा बघायला हजारो माणसं जमली होती. गावाची ओळखच धातूची. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्थापन झालेली मेटल मॅन्युफॅक्चर्स ही कंपनी इथे पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची तार ओढत आली. ऑस्ट्रेलियात वीज पोचली, टेलिफोन पोचले, त्यातलं बरंचसं तांबं या कारखान्यातून गेलं.

नव्वदच्या दशकात याच कंपनीनं चांदीच्या नळीत काळी पूड भरून तिची तार ओढण्याच्या कामात लक्ष घातलं. तांब्याची तार विकून पोट भरणाऱ्यांना तांब्याला हटवू पाहणाऱ्या पदार्थात रस वाटावा, यात आश्चर्य नाही. ज्याच्या धंद्यावर गदा येऊ शकते, त्यालाच वेळीच शेजारच्या प्रयोगशाळेचं दार ठोठावावं लागतं. आणि प्रयोगशाळा खरोखरच शेजारी होती. १९९४ साली वुलनगाँग विद्यापीठात अतिसंवाहक आणि इलेक्ट्रॉनिक पदार्थांसाठी एक संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक संचालक शी शुए दोउ. मूळचे चीनचे, डॉक्टरेट कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाची आणि वुलनगाँगला येण्याआधीची काही वर्षं सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात काढलेली. त्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या हुआ कुन लियू पुढे लिथियम बॅटऱ्यांच्या संशोधनासाठी जगभर ओळखल्या जाऊ लागल्या.

विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ म्हणजे अतिसंवाहक. १९११ साली नेदरलँड्समधल्या लायडनला कामर्लिंग ओनेस यांना पाऱ्यात हा गुण सापडला, पण उणे २६९ अंश सेल्सियसला. तेवढ्या थंडीसाठी द्रवरूप हेलियम लागतं. पुण्या-मुंबईच्या इस्पितळांतली एमआरआय यंत्रं आजही बहुतांशी याच थंडीत ठेवलेल्या नायोबियम-टायटेनियमच्या तारेवर चालतात, आणि त्या तपासणीचं बिल पाहताना रुग्णाच्या नातेवाइकांना हेलियमचा विचार शिवत नाही. १९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडाच्या सिरॅमिकमध्ये अतिसंवाहकता दाखवली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत पॉल चू आणि माव-कुएन वू यांच्या गटांनी यट्रियमच्या सिरॅमिकमध्ये हीच गोष्ट द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाच्या वर, म्हणजे उणे १९६ अंशांच्या अलीकडे, आणून ठेवली. हवेतूनच मिळणारा नायट्रोजन हेलियमपुढे अगदी मामुली किमतीचा.

जानेवारी १९८८ मध्ये जपानातल्या हिरोशी माएदा यांनी बिस्मथ, स्ट्राँशियम, कॅल्शियम आणि तांब्याच्या ऑक्साइडांचं मिश्रण जाहीर केलं. या घराण्यातला २२२३ नावानं ओळखला जाणारा भाऊ ११० केल्विनला, म्हणजे उणे १६३ अंशांना, अतिसंवाहक होतो. आकडे अणूंच्या प्रमाणाचे : बिस्मथ २, स्ट्राँशियम २, कॅल्शियम २, तांबं ३. त्याचा धाकटा भाऊ २२१२. न्यूझीलंडमध्ये जेफ टॅलन आणि बॉब बकली यांनी याच २२२३ ची घडण उलगडण्यात मोठा वाटा उचलला आणि त्यांचं पेटंट अमेरिकन सुपरकंडक्टर या कंपनीपर्यंत पोचलं. २०१० साली या दोघांना न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचं विज्ञान पारितोषिक मिळालं. टास्मान समुद्राच्या दोन्ही काठांवरची माणसं एकाच काळ्या पुडीच्या मागे लागली होती.

वर्तमानपत्रांत गाजलं ते तापमान. नवा विक्रम झाला की मथळा यायचा. तारेचं काय करायचं, हा प्रश्न मथळ्यात बसत नव्हता. सिरॅमिक हा कपबशीच्या जातीचा पदार्थ. ओढला तर लांबत नाही, वाकवला तर मोडतो. त्यात वीज एका कणातून दुसऱ्या कणात जाताना सांध्यावर अडखळते. कणांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतील किंवा मध्ये कचरा अडकला असेल, तर प्रत्येक कण एकटा उत्तम अतिसंवाहक असूनही अख्खी तार निकामी ठरते.

यावरची युक्ती ऐकायला सोपी आहे. पूड चांदीच्या नळीत ठासायची, नळीची दोन्ही तोंडं बंद करायची, साच्यांतून ओढत ओढत तिची एक-दोन मिलिमीटर जाडीची तार करायची. अशा अनेक तारा एकत्र करून आणखी एका चांदीच्या नळीत भरायच्या, पुन्हा ओढायच्या, मग रुळांखाली दाबून चपटी पट्टी करायची आणि भट्टीत घालायची. तयार पट्टी चारेक मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटरहूनही पातळ असते. ती आडवी कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरली की चकचकीत चांदीत काळ्या, चपट्या बेटांच्या रांगा दिसतात. कुठे सदतीस, कुठे पंचावन्न, कुठे एकसष्ट. छेदातला अर्ध्याहून अधिक भाग चांदीचाच. वीज वाहून नेतात ती ही काळी बेटं.

चांदीच का, असं कुठलाही सराफ विचारील. कारण ती या पुडीशी भांडत नाही. तांब्याची नळी घेतली तर भट्टीत तांबं पुडीत शिरून सगळा बेत बिघडवतं. शिवाय तापलेल्या घन चांदीतून ऑक्सिजन आरपार जातो, आणि या सिरॅमिकला भाजताना ऑक्सिजन आत-बाहेर करायला वाट लागतेच. चांदी ९६१ अंशांना वितळते; पट्टी भाजायची असते हवेत ८३५ ते ८४० अंशांच्या आसपास. अंतर पुरेसं वाटतं, पण खरी अडचण दुसरीकडे असते. पट्टीसाठी योग्य तापमानाचा पट्टाच जेमतेम काही अंशांचा आहे. खाली राहिलं तर २२२३ बनायला फार वेळ लागतो, थोडं वर गेलं तर बनलेलं मोडून त्याचे भलतेच दगड होतात.

मात्र पट्टी भट्टीत जाते तेव्हा तिचं नशीब बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. ते ठरतं चांदीच्या नळीच्याही आधी, पूड भाजताना. दिवाळीच्या घरात हे समजावायला फार शब्द लागू नयेत : चकली तेलात विरघळते तेव्हा दोष तेलाचा वाटतो, पण घोळ बहुतेकदा आठ दिवस आधीच्या भाजणीत झालेला असतो. वुलनगाँगच्या भट्ट्यांपुढे बसलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांत जे पानंच्या पानं मोजलं, ते हेच होतं. पूड किती अंशांना, किती तास, कुठल्या हवेत भाजली, म्हणजे शेवटच्या पट्टीतून किती अँपियर जातात.

पुडीची सुरुवात साध्या रसायनांपासून होते. बिस्मथचं आणि शिशाचं ऑक्साइड, स्ट्राँशियमचे आणि कॅल्शियमचे कार्बोनेट, तांब्याचं ऑक्साइड. तोलून, खलून, अॅल्युमिनाच्या होडीसारख्या भांड्यात घालून ती नळीच्या भट्टीत सरकवतात. ७८० ते ८४० अंशांच्या दरम्यान ठेवतात, बाहेर काढून पुन्हा दळतात, पुन्हा भाजतात. रंग बदलायचा थांबून काळसर राखाडी पूड तयार झाली की काम संपलं, असं नवख्याला वाटतं. काही प्रयोगशाळा कार्बोनेटला फाटाच देतात आणि नायट्रेटांच्या द्रावणाचे बारीक थेंब तापलेल्या भट्टीत फवारून पूड करतात. त्यात अणू आधीपासूनच एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे दळत बसावं लागत नाही. पण खर्च आणि खटाटोप वेगळा.

सगळ्यात चिवट वैरी कार्बन. कार्बोनेटातला कार्बन वायू होऊन निघून जायला हवा, पण स्ट्राँशियम कार्बोनेट सहजासहजी फुटत नाही. तापमान वाढवून त्याला फोडावं म्हटलं तर बिस्मथ आणि शिसं असलेला भाग पाघळून गोळे होतात. म्हणून उपाय आडवळणाचे : हवा काढून, कमी दाबाखाली भाजायचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड ओढून घेता येतो. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेनं कमी दाबाखालच्या भाजणीचा रस्ता बराच पुढे नेला. एवढं करूनही पूड दळताना उघडी राहिली तर ती खोलीतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेते, आणि नळीत भरण्याआधी आणखी एकदा तापवून घ्यावी लागते. दहा लाख भागांत काहीशे भाग कार्बन राहिला तरी नुकसान होतं. त्यातला काही कणांच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि वीज तिथेच थबकते. काही बंद नळीत वायू होतो, चांदीतून ऑक्सिजन जातो तसा तो जात नाही आणि पट्टीवर फोड उठतात. पट्टीच्या अंगावरचा टपोरा फोड डोळ्यांना दिसतो तेव्हा त्या पुडीवरचे महिन्याभराचे कष्ट वाया गेलेले असतात.

शिशाचं प्रकरण आणखी गमतीचं. थोडं शिसं नसेल तर २२२३ बनायला कुरकुर करतं, म्हणून बिस्मथच्या जागी काही शिसं घालतात. पण शिशाचं ऑक्साइड तापलं की उडून जायला बघतं, त्यामुळे होडीच्या वरच्या थरातली आणि तळाची पूड सारखी राहत नाही. शिवाय शिसं कुठे बसतं, हे भट्टीतल्या हवेवर ठरतं. साध्या हवेत भाजलं तर ते कॅल्शियमबरोबर संयुग करून वेगळं राहतं आणि ८२० अंशांच्या आसपास फुटून अचानक द्रव सोडतं. ऑक्सिजन सात-आठ टक्क्यांवर आणला तर तेच शिसं २२१२ च्या जाळीत गुपचूप शिरतं, आणि पुढे पट्टी भाजताना तिथून हळूहळू कामाला येतं. तीच रसायनं, तेच वजन. बदलली ती सिलिंडरमधली हवा. पट्टी भाजण्याचं तापमानही कमी ऑक्सिजनमध्ये वीस-एक अंशांनी खाली येतं.

सर्वांत उलटं वाटणारी गोष्ट अशी की पूड पूर्ण शिजवायची नसते. आपल्याला पट्टीत २२२३ हवं असतं, तर पुडीतच ते बनवून का भरू नये? बनवलेलं २२२३ भरलं तर त्याचे कण आडवेतिडवे घट्ट बसतात, दाबले की मोडतात आणि पुन्हा जुळत नाहीत. म्हणून पुडीत मुख्यतः २२१२ ठेवतात, सोबत कॅल्शियम आणि तांब्याची ऑक्साइडं, म्हणजे पुढच्या घटनेचा शिधा. खरी प्रक्रिया चांदीच्या आत, थोड्या तात्पुरत्या द्रवाच्या सोबतीनं व्हायला हवी. त्या द्रवातून २२२३ चे पातळ, अभ्रकासारखे पापुद्रे चांदीला समांतर वाढतात आणि दाबताना पडलेल्या भेगा भरूनही निघतात. अर्धं कच्चं ठेवणं हेच कौशल्य. पण कच्चं किती? तांब्या-कॅल्शियमचे खडे मोठे राहिले तर नाजूक काळ्या बेटांना ते फुगवटे आणतात, कुठे जाड तर कुठे दोऱ्याएवढं बारीक करतात, आणि वीज बारीक ठिकाणीच अडते.

मग पट्टीची भट्टी. पन्नास-साठ तास भाजायची, काढून दाबायची, पुन्हा भाजायची. सगळं धरून शंभर-दोनशे तास. दाबताना भेगा पडतात, भाजताना त्या सांधतात, आणि दर फेरीला पापुद्रे अधिक सरळ होतात. छोटा तुकडा शिकंज्यात दाबला तर सुरेख आकडे येतात, लांब पट्टी रुळांतून काढली की तेच आकडे निम्म्यावर येतात, अशी जगभरच्या प्रयोगशाळांची तक्रार होती. पट्टी पोलादी पट्ट्यांच्या मध्ये धरून रुळांतून काढण्याचा एक उपाय वुलनगाँगच्या गटानं मांडला. प्रयोगशाळेतलं दोन-तीन सेंटिमीटरचं यश आणि कारखान्यातला किलोमीटर यांच्यातली दरी त्यांना चांगलीच कळत होती, कारण तार ओढणारे लोक दाराशी होते.

दोउ यांच्या गटाचं त्याआधीचं, १९९२ चं, एक काम वाचताना वैज्ञानिकांच्या धिटाईचं कौतुक वाटतं. बनवलेलं २२२३ त्यांनी मुद्दाम जास्त तापवून मोडलं आणि तापमान उतरवून पुन्हा बनू दिलं. दुसऱ्या खेपेला बनलेल्या स्फटिकांत बारीक दोष अधिक राहिले. दोष हा इथे गुण. चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात बारीक दोरांसारखं शिरतं. ते दोर सरकू लागले की ऊर्जा वाया जाते, आणि स्फटिकातल्या खाचा त्यांना जखडून ठेवतात. बिस्मथच्या पट्टीचं दुखणं नेमकं हेच होतं. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला थोडंसं चुंबकीय क्षेत्र आलं की तिची ताकद झपाट्यानं घसरते.

पोर्ट केंबलाच्या पट्टीची पुढची गोष्ट कंपन्यांच्या कागदपत्रांतून हिंडते. ऑस्ट्रेलियन सुपरकंडक्टर्स नावाखाली वाढलेलं काम पुढे एका जर्मन आणि एका अमेरिकी कंपनीबरोबर झेनर्जी पॉवर या गटात सामील झालं. वुलनगाँगच्या अभियंत्यांनी चालवलेल्या डोक्याचं फळ मार्च २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनोला वीजवाहिनीवर बसलं : शॉर्ट सर्किट झाल्यावर उसळणाऱ्या प्रवाहाला आवर घालणारं यंत्र. त्यात अतिसंवाहक वेटोळ्यातून वाहणारा स्थिर प्रवाह लोखंडी गाभ्याला चुंबकीयदृष्ट्या तुडुंब भरून ठेवतो, त्यामुळे रोजची वीज विनाअडथळा जाते. बिघाड झाला की उसळलेला प्रवाह गाभ्याला त्या अवस्थेतून बाहेर ओढतो आणि यंत्र आपोआप रोध उभा करतं. कुठलाही खटका दाबायला लागत नाही. यंत्र चाललं, कंपनी फार काळ चालली नाही.

बिस्मथची पट्टी मात्र इतरत्र मानानं कामाला लागली. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय त्वरकात, बाहेरच्या तांब्याच्या तारा आतल्या थंडगार चुंबकांना जोडण्यासाठी हजाराहून जास्त जोडण्यांत ती बसवली आहे. तिथे शुद्ध चांदीनं बाहेरची उष्णता आत नेली असती, म्हणून चांदीत थोडं सोनं मिसळलं. जर्मनीत एस्सेन शहराच्या मध्यवर्ती भागात २०१४ साली एक किलोमीटरची दहा हजार व्होल्टची अतिसंवाहक केबल घातली गेली. तिच्या पोटातही बिस्मथच. आणि जपानातल्या सुमितोमो इलेक्ट्रिकनं २००४ च्या सुमारास पट्टी भाजताना सुमारे तीनशे वातावरणांचा दाब देण्याची पद्धत आणली. बेटांतल्या पोकळ्या मिटल्या, फोड उठायला जागाच उरली नाही. चौरस मिलिमीटरभर छेदाच्या पट्टीतून द्रव नायट्रोजनमध्ये २०० अँपियर जाऊ लागले. घरातल्या तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेवर दहा-पंधरा अँपियरहून जास्त टाकायला वायरमन नाखूश असतो.

अमेरिकन सुपरकंडक्टरनं मात्र या पट्टीला रामराम ठोकून यट्रियमच्या पातळ थरांच्या नव्या पट्टीचा रस्ता धरला. चांदी महाग, आणि यट्रियमचा थर चुंबकीय क्षेत्रात टिकाव धरतो. त्यात पूड नाही, नळी नाही. धातूच्या फितीवर थरावर थर चढवायचे.

वुलनगाँगमध्ये भट्ट्या थंड झाल्या नाहीत. जानेवारी २००१ मध्ये जपानातल्या जुन अकिमित्सु यांनी मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिसंवाहक होतं, हे दाखवलं. रसायनांच्या दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला पदार्थ. दोउ यांच्या गटानं २००२ मध्ये त्याच्या पुडीत सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून भाजलं आणि चुंबकीय क्षेत्रातली त्याची ताकद एकदम वाढवली. कारण होतं कार्बन. तो बोरॉनच्या जागा घेऊन बसतो आणि स्फटिकात हव्या तशा खाचा पाडतो. आधीच्याच दहा-बारा वर्षांत ज्याला हाकलण्यासाठी या मंडळींनी पंप लावले, त्याच कार्बनला आता निमंत्रण गेलं. २००६ मध्ये तर सफरचंदातल्या मॅलिक आम्लाचं द्रावण बोरॉनच्या पुडीवर चढवून त्यांनी कार्बन आत सोडला : आम्ल तापून फुटतं आणि ताजा, एकसारखा पसरलेला कार्बन मागे ठेवतं.

आणि २२१२, तो धाकटा भाऊ, परत चर्चेत आला आहे. फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळेत डेव्हिड लार्बलेस्टियर यांच्या गटानं २०१४ साली दाखवलं की त्याची चपटी पट्टी न करता केलेली गोल तारही भरपूर प्रवाह वाहून नेते; गोल तारेची केबल वळणं आणि चुंबक गुंडाळणं सोपं. ती ८९० अंशांच्या आसपास, पन्नास-शंभर वातावरणांच्या दाबाखाली, क्षणभर वितळवून हळूहळू थिजवतात. तिथेही पहिला प्रश्न पुडीचाच असतो. कुठल्या कारखान्याची, कुठल्या खेपेची, तिच्यात कार्बन किती आणि कण किती बारीक, हे विचारल्याशिवाय तार ओढायला कोणी घेत नाही.